खळ दिलेल्या लेस

१९८३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या फुल्टन स्ट्रीटवर मी काढलेले एका मुलाचे छायाचित्र आता प्रदर्शनात लागणार आहे, आणि त्यावरून झालेला वाद माझ्या मनातून जात नाही.

ब्राँक्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या १९७३ मधल्या पार्टीपासून सुरू झालेले हिप-हॉप, म्हणजे रॅप, नाच आणि पेहरावाची ती लाट, तोवर ब्रुकलिनच्या पोरांच्या अंगावर चढले होते. रस्त्यावरचा माणूस नकळत टिपला तरच तो खरा, असे माझे बहुतेक सहव्यवसायी मानत. मला ते कधीच पटले नाही. घरून निघण्यापूर्वी तासभर खपून जो नटला आहे, त्याला चोरून टिपण्यात कसले सत्य? मी परवानगी विचारत असे आणि उभे कसे राहायचे, हे त्याच्यावर सोडत असे.

या मुलाच्या अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट होता, डोक्यावर कँगोलची टोपी आणि पायांत प्यूमाचे स्वेडचे बूट. बुटांच्या रुंद पांढऱ्या लेस त्याने खळ देऊन, कडक इस्त्री करून, गाठ न मारता सपाट ओवल्या होत्या. मी वापरलेली कोडॅक्रोम ६४ ही स्लाइड फिल्म एक्स्पोजरमधली, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा यातली, चूक खपवून घेत नसे. प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे धरून चालतो. काळ्या चेहऱ्यावरून मोजल्यास तो जास्त प्रकाश सुचवतो, आणि त्याचे ऐकले तर चेहरा राखेसारखा फिका पडतो, लेसच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या होतात. चेहऱ्याजवळून मोजून मी प्रकाश एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी केला. त्वचेचा रंग राहिला आणि लेसची वीणही उतरली.

एका वृत्तपत्राने ती स्लाइड फॅशनवरील लेखासाठी म्हणून घेतली आणि कोट हिसकावण्याच्या बातमीत, छातीखाली कापून छापली. अशा कोटांसाठी तेव्हा मुले लुटली जात, काही जिवानिशी गेली. पण ज्याला लुटले जाण्याची धास्ती, तोच त्या पानावर लुटारू दिसत होता. त्याचे नाव कुठेही छापलेले नाही, असे संपादकांनी मला ऐकवले. असल्या पळवाटांची मला चीड आहे.

मी प्रिंट द्यायला गेलो, तेव्हा त्याने ते पान आधीच पाहिले होते. बातमीविषयी तो चकार शब्द बोलला नाही. बूट का कापले, एवढेच त्याने विचारले.

प्रदर्शनाच्या आयोजकांना ते कात्रण छायाचित्राशेजारी हवे आहे. तो त्या काळाचा पुरावा आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही मी नकार दिला आहे, कारण लोक आधी बातमी वाचतील आणि मग त्या मुलाकडे पाहतील. मात्र तो कोट घालून फिरण्यात केवढी जोखीम होती, हे नुसत्या छायाचित्रातून कळत नाही, आणि ते त्याच्यावर संशय न येता कसे सांगावे, हे माझे अजून ठरलेले नाही.