प्रेस्टीज इश्यू

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायच्या आदल्या रात्री आमच्याकडे मोठं रामायण झालं. कारण काय, तर निमंत्रकांच्या यादीत थोरल्या काकांचं नाव चौथं आलं होतं आणि नावापुढे कंसात 'निवृत्त उपअभियंता' टाकायचं राहून गेलं होतं. काका फोनवर एवढंच म्हणाले, "मला काही नको रे, पण आता हा प्रेस्टीज इश्यू झालाय." संपलं. 'मला काही नको' आणि 'प्रेस्टीज इश्यू' एका दमात ऐकू आलं की समजायचं, आता रात्री बारापर्यंत फोन चालू राहणार.

लहानपणी मला प्रेस्टीज म्हणजे फक्त कुकर माहीत होता. टीव्हीवर ती जाहिरात लागायची, 'जो बीवी से करे प्यार' वाली, आणि आमच्या ओट्यावर तोच कुकर शिट्ट्या मारत असायचा. त्यामुळे मोठी माणसं "चारचौघांत आमची प्रेस्टीज गेली" असं म्हणाली की मला खरंच वाटायचं, यांचा कुकर कोणीतरी उचलून नेला. आणि गंमत बघा, आपण 'प्रेस्टीज गेली' म्हणतो, स्त्रीलिंगी, पण कुकर मात्र 'तो प्रेस्टीज'. अब्रू, इज्जत, इभ्रत, प्रतिष्ठा, सगळ्या 'ती', म्हणून ही पण बिनबोभाट त्यांच्यात जाऊन बसली.

तर त्या रात्री फोनाफोनी चालू असताना मी आपला कोपऱ्यात बसून हा शब्द मुळात आला कुठून ते शोधत होतो (मला ती खोड आहे, घरच्यांना अजिबात आवडत नाही). आणि जे सापडलं त्याने मी एकटाच हसायला लागलो. लॅटिनमध्ये 'प्रेस्टिजिए' म्हणजे जादूगाराच्या हातचलाख्या. वाटीखाली गोटी ठेवली, वाटी उचलली, गोटी गायब, तसलं. आणि हा शब्दसुद्धा बहुतेक ज्या क्रियापदावरून आलाय त्याचा अर्थ आहे समोर बांधणं, डोळ्यांवर पट्टी बांधणं, डोळे दिपवणं. म्हणजे आपल्याकडे ज्याला नजरबंदी म्हणतात ना, अगदी तेच! गारुडी रस्त्यावर डमरू वाजवून जो नजरबंदीचा खेळ करायचा तो खेळ म्हणजे मूळची प्रेस्टीज. एवढा चपखल मराठी शब्द आपल्याकडे आधीच होता आणि आपण त्या इंग्रजीला 'प्रतिष्ठा' म्हणत बसलो.

फ्रेंचमधून हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हाही अर्थ तोच होता, फसवाफसवी, भ्रम. प्रेस्टीजियस तर त्याच्याही आधी आलेला, सोळाव्या शतकात, आणि त्याचा अर्थ लबाड, मायावी. तेव्हा कुठल्या कॉलेजला कोणी प्रेस्टीजियस म्हटलं असतं तर प्रिन्सिपॉलने अब्रुनुकसानीचा दावाच लावला असता. चांगला अर्थ चिकटायला लागला एकोणिसाव्या शतकात. नुसत्या नावानेच माणसं भारावून जावीत असा दबदबा, या अर्थाने तो 1815 मध्ये नेपोलियनसाठी वापरला गेला. आता 1815 म्हणजे वॉटर्लूचं साल, त्याच जूनमध्ये बिचाऱ्याचा सगळा दबदबा उतरला, तो भाग वेगळा. प्रेस्टीजियसला तर सरळ कौतुकाचा अर्थ मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. ग्लॅमरचीही तीच गत, तो शब्द म्हणजे स्कॉटलंडमध्ये ग्रामरचा झालेला अपभ्रंश, आणि अर्थ जादूटोणा, चेटूक. व्याकरण येणारा माणूस म्हणजे नक्की काहीतरी मंत्रतंत्र जाणणारा, अशी तेव्हाची समजूत! आमच्या शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला ग्लॅमर सोडून बाकी सगळं होतं.

आता प्रेस्टीज आणि प्रतिष्ठा ऐकायला इतके सारखे आहेत की कोणालाही वाटावं, एकाच आईची लेकरं असणार. मलाही वाटलेलं. पण नाही. प्रतिष्ठा म्हणजे प्रति अधिक स्था, नीट उभं राहणं, पक्कं बसणं. गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतो ती हीच. या 'स्था'चं लॅटिनमधलं भावंड म्हणजे उभं राहणं या अर्थाचं 'स्टारे', आणि त्यावरून आलाय स्टेटस. म्हणजे प्रतिष्ठेची खरी चुलत बहीण स्टेटस, जे आपण रोज सकाळी व्हॉट्सॲपवर टाकतो आणि चोवीस तासांत उडून जातं. उभं राहणं वगैरे सगळं तिथेच संपलं. प्रेस्टीजच्या त्या बांधण्या-आवळण्याच्या घराण्यात कोण कोण आहे बघितलं तर स्ट्रिक्ट निघाला आणि स्ट्रेस निघाला. लग्नघरात बसून हे वाचताना मला कसलंही आश्चर्य वाटलं नाही.

सगळ्यात आवडला मला आपला अब्रू. फारसीत आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचं पाणी, मोत्याला असतं तसं तेज. मराठीत तोंडचं पाणी पळतं ते घाबरल्यावर, पण अब्रू जाते तेव्हाही माणसाचा चेहरा तसाच होतो, नाही का? नजरबंदीत सगळी भिस्त बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर, पट्टी सरकली की खेळ खल्लास. पाणी निदान आपल्या स्वतःच्या चेहऱ्यावर असतं.

तर साडेअकराच्या सुमारास फोन माझ्या हातात आला, काका पलीकडे होतेच. मला राहवेना, मी त्यांना हे सगळं सांगितलं, जादूगार, नजरबंदी, नेपोलियन, सगळं. काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, पटलं वाटतं.

"म्हणजे प्रेस्टीज म्हणजे बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत, असंच ना?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो, मूळ अर्थ साधारण तसाच."

"मग ते कंसातलं जरा ठळक टायपात घ्यायला सांग त्याला."