त्रिरश्मी लेणी आणि सोपाऱ्याच्या करंडकातलं नाणं

नाशिकचा माणूस पांडवलेण्यावर जातो तो एकतर शाळेच्या सहलीला, नाहीतर सकाळच्या व्यायामाला. मी या वेळी दोनच लेणी नीट बघायची ठरवून पायऱ्या चढले: अठरा नंबर आणि वीस नंबर. एकूण लेणी 24. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. शिलालेखांत डोंगराचं नाव तिरण्हू, म्हणजे त्रिरश्मी, असं येतं.

अठरा नंबर हे इथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. दर्शनी भाग बघताना आपण दगडापुढे उभे आहोत हे विसरायला होतं. कमानीखाली तुळयांची टोकं, जाळ्या, वेदिकेच्या, म्हणजे कठड्याच्या, पट्ट्या, सगळं लाकडी बांधकामासारखं, पण कोरलंय कातळात. दाराच्या डाव्या हाताला यक्ष द्वारपाल आहे. आणि दारावरच्या कमानीखाली ब्राह्मीतली एक ओळ: नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. एवढ्या देखण्या कामावर नाव आहे ते एका गावाचं! मला तर तिथून पाय हलवावासा वाटेना. आतल्या खांबांवरचा लेख सांगतो की हे चैत्यगृह पुरं केलं भटपालिकेनं, एका राजअमात्याच्या बायकोनं.

आत अष्टकोनी खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप, त्याच कातळातून कोरून काढलेला. माझ्या पुढे एक कुटुंब होतं. आजींनी आधी स्तूपाला वंदन केलं, मग नातवाला हात जोडायला लावले. सगळ्यांनी मिळून त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याची वंदना, म्हटलं तेव्हा गाभारा घुमला.

स्तूप म्हणजे मुळात बुद्धांचे धातू, म्हणजे पवित्र अवशेष, ठेवायची जागा. असे अवशेष ठेवायचा करंडक, म्हणजे झाकणाची डबी, आपल्या भागात खरोखर सापडलाय, नालासोपाऱ्याला, म्हणजे जुन्या सोपाऱ्याला. तिथल्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं आणि आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती बुद्धांच्या आठ छोट्या बैठ्या मूर्ती. करंडकात एकात एक चांदीची, दगडाची, स्फटिकाची, सोन्याची डबी. सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असं इंद्रजींचं मत होतं.

याच करंडकात एक चांदीचं नाणं मिळालं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं. आता वीस नंबरच्या लेण्यात या. इथला लेख याच राजाच्या सातव्या वर्षातला आहे. बोपकी नावाच्या भिक्खूनं सुरू केलेलं लेणं बरीच वर्षं अर्धवट पडून होतं, ते महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिनं पुरं करून संघाला दिलं. सोपाऱ्याचं नावही इथलंच आणखी एक लेणं घेतं: दहा नंबरमधल्या उषवदाताच्या, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाच्या, लेखात दानाच्या गावांत शूर्पारक, म्हणजे सोपारा, आहे. घाटावरचं नाशिक आणि समुद्राकाठचं सोपारा एकाच व्यापारी वाटेवरची गावं, हे शाळेत शिकलो होतो. त्याच राजाचं नाव डोळ्यांसमोर भिंतीवर बघताना ते पहिल्यांदा खरं वाटलं.

वीस नंबरच्या गाभाऱ्यात आज बुद्धांची भव्य बैठी मूर्ती आहे. ती वासूच्या काळातली नव्हे, पुढे महायान काळात कोरलेली. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबा, मग दोन्ही बाजूंच्या चवरीधारी आकृती दिसू लागतात.

उतरल्यावर पायथ्याशी फाळके स्मारकाला लागून बुद्ध स्मारक आहे. अनुराधापूरच्या महाबोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेतून आणून 2023 मध्ये इथे लावली. बौद्ध परंपरेत बुद्धांनी वापरलेल्या वस्तू पारिभोगिक धातू मानतात. भिक्षापात्र त्यातलंच, आणि ज्याखाली बुद्धांना ज्ञान झालं तो बोधिवृक्षही. म्हणजे नाशिककरांना धातुवंदनासाठी आता लांब जायला नको.

जाणार असाल तर सकाळीच जा, टॉर्च न्या, आणि आधी अठरा, मग वीस, शेवटी दहा असा क्रम धरा. सोपाऱ्याचा करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. माझं पुढचं जाणं तिकडेच.