चाळीसगाव ते तोरणमाळ : कुठल्या टप्प्याला कुठला जॅझ

खानदेशात जॅझ ऐकणारे मोजकेच, पण भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या काय आयकी राह्यना, भो?" उत्तरात अल्बमची नावं येतात आणि मग वाद रंगतो. आमचं म्हणणं एवढंच, की प्रवासात अल्बम थोर आहे की नाही हे नंतर. आधी गाडी कुठल्या सुरात घरघरतेय ते बघा. चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा, शहादा, तोरणमाळ या वाटेसाठी आमच्या फोनमध्ये सध्या जे आहे, ते याच हिशेबाने भरलंय.

भरण्याचं काम घरीच उरकायचं. शहादा सोडून सातपुड्यात शिरलं की नेटवर्कचा भरवसा नाही. ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला २.४ एमबी घेते, म्हणजे ४५ मिनिटांचा अल्बम ११० एमबीच्या आत बसतो. फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवणारी मोठी फाइल, मिनिटाला पाच-सहा एमबी खातो. एसटीत या दोन्हींतला फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही, तेव्हा फ्लॅक फक्त मुक्कामाच्या अल्बमसाठी. प्लेअरमधला क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना त्यावरच पुढचं सुरू करणारी सोय, शून्यावर आणा. का, ते घाटात कळेल.

चाळीसगावहून धुळ्याची पॅसेंजर धरली की डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट' (१९५९) लावावा. जेमतेम ३८ मिनिटांचा, गाडी धुळ्याला टेकायच्या आत आरामात संपतो. त्यातलं 'ब्लू राँडो' नऊ मात्रांचं आहे: तीन आवर्तनं २-२-२-३ अशी आणि चौथं ३-३-३. ही चाल ब्रुबेकला १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून मिळाली. त्याच दौऱ्यात तो भारतातही वाजवून गेला. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, पण विभागणी ३-२. झपतालाची सवय असलेला हात २-३ वर पडतो आणि दोन आवर्तनांत घसरतो. जो मोरेलोच्या ड्रम सोलोत तर सम हमखास हरवते. अशा वेळी ड्रमच्या मागे धावायचं नाही. खाली ब्रुबेकचा पियानो तोच ठेका धरून बसलेला असतो, त्यावर बोट ठेवायचं. शिरूड-बोरविहीर येईपर्यंत हात बसतो.

खरी परीक्षा धुळ्याच्या स्टँडवर एसटीत बसल्यावर. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' इथे लावू नका. कारण हिशेबाचं आहे. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर फेऱ्याला तीन याप्रमाणे सेकंदाला ७५ स्फोट होतात. ७५ हर्ट्झ म्हणजे जवळजवळ खालचा डी हा सूर, त्याचे ७३.४ हर्ट्झ. आणि या अल्बममधलं 'सो व्हॉट' डी डोरियनमध्ये, म्हणजे डी सुरावर बेतलेल्या थाटात! पॉल चेंबर्सचा बास सुरुवातीला जी धून वाजवतो तिचा सूर आणि इंजिनाचा सूर एकमेकांवर बसतात, मग बासच्या प्रश्नाला बाकीचे देतात ती उत्तरंच तेवढी कानी येतात. जुन्या प्रतींची तर आणखी गंमत. २ मार्च १९५९ च्या सत्रात टेपचं मशिन हळू फिरत होतं, म्हणून पहिली बाजू किंचित चढी वाजते. १९९० च्या दशकातल्या प्रतींत ती दुरुस्त झाली. जुनी प्रत इंजिनाच्या सुराशी आणखीच जुळते.

यावर आवाज वाढवणं हा उपाय नव्हे. कान सुरक्षित राहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० वर गेलात की आठवड्याचे चारच तास उरतात. त्यापेक्षा कानात घट्ट बसणाऱ्या फोमच्या टोप्या घ्या. टोपी सैल असेल तर बास आधी गळतो. नॉइज कॅन्सलिंग इंजिनाची घरघर चांगली मारतं, पण हॉर्न आणि खिडकीच्या काचांचा खडखडाट त्याला आवरत नाही. म्हणून जागा दोन चाकांच्या मधली, जिची काच घट्ट असेल ती.

एसटीचा अल्बम म्हणजे कीथ जॅरेटचा 'द कोल्न कॉन्सर्ट'. २४ जानेवारी १९७५ ला त्याच्यासमोर आला तो भलताच, लहान पियानो: वरचे सूर पातळ, खालच्यांत दम नाही. त्याने बहुतेक वादन मधल्या पट्ट्यात ठेवलं आणि डाव्या हाताने ठेका घोळवत राहिला. मधला पट्टा इंजिनाच्या वर असतो, त्यामुळे बसच्या गोंगाटातही काही हरवत नाही. पडक्या वाद्यावर उभा राहिलेला अल्बम पडक्या रस्त्यावरही उभा राहतो. पहिला भागच २६ मिनिटांचा आहे. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची गर्दी असते, तेव्हा तापीचा पूल ओलांडेपर्यंत सगळा अल्बम परत सुरू होऊ शकतो.

दोंडाईच्याला शेवभाजी खाल्लीत तर साबणाने हात धुतल्याशिवाय इअरफोन कानात घालू नका. इथलं तिखट फोमला लागलं की दिवसभर कान धगधगतो.

शहाद्यापुढे घाट चढायला लागला की जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ चं ध्वनिमुद्रण, चार भाग, सुमारे ३३ मिनिटं. जीप खालच्या गिअरमध्ये कण्हायला लागते आणि जिमी गॅरिसनची चार सुरांची बासची ओळ पुन्हा बुडते. पण कोल्ट्रेन तीच ओळ सॅक्सोफोनवर बाराही पट्ट्यांतून फिरवतो, तिथे ती पकडता येते. पहिला भाग एकट्या बासवर विरतो आणि दुसरा बासवरच उघडतो. क्रॉसफेड चालू असेल तर हे दोन्ही एकमेकांत कालवले जातात. वळणांवर स्क्रीनकडे बघू नका, पोट ढवळतं. ज्यांना कोल्ट्रेन फार अंगावर येतो त्यांनी ॲलिस कोल्ट्रेनचा 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१) घ्यावा. तंबोरा आणि हार्पवर फेरो सँडर्सचा सॅक्सोफोन. आम्हाला घाटात तो जरा सैल वाटतो.

तोरणमाळला रात्री गाड्या थांबल्यावर बिल एव्हान्स ट्रिओचं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं वादन, २५ जून १९६१ चं. 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हे दोन्ही अल्बम त्याच दिवसाचे. बासवादक स्कॉट लाफारो पुढे ११ दिवसांनी मोटार अपघातात गेला. मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज आहे, ती गाडीत कधीच ऐकू येत नाही. फ्लॅक जपून ठेवला तो याच्यासाठी. ब्लूटूथ स्पीकर वापरणार असाल तर भिंतीलगत, शक्यतो कोपऱ्यात ठेवा. छोट्या स्पीकरचा बास तेवढ्याने उचलतो. खोलीच्या मधोमध ठेवलात तर लाफारो गायब.

दोघांत एक इअरफोन वाटून घेणाऱ्यांसाठी: 'काइंड ऑफ ब्लू'च्या स्टिरिओ प्रतीत कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन डावीकडे आणि कॅननबॉल ॲडर्लीचा उजवीकडे आहे. एकाला एकाचा सोलो मिळतो, दुसरा नुसता ताटकळतो. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही कानांत सगळंच येतं, आणि एव्हान्स लावायच्या आधी आठवणीने बंद करा.