कोणता हात?

बेंच प्रेसच्या स्पर्धेची, म्हणजे बेंचवर आडवं होऊन छातीवरून बार वर ढकलायच्या स्पर्धेची, यादी हातात आली तेव्हा आधी वयाचा रकाना बघितला. सगळ्यात लहान मुलगी १४ वर्षांची, म्हणजे सब-ज्युनियर या सगळ्यात लहान वयोगटात जेमतेम बसणारी. सगळ्यात मोठे काका ७३ चे, मास्टर्स चार या ज्येष्ठांच्या गटातले. स्पर्धा छोटी, नावं मोजकी, म्हणून आयोजकांनी बायका-पुरुष, पोरंटोरं, म्हातारे सगळे एकाच फ्लाइटमध्ये, म्हणजे आळीपाळीने उचलणाऱ्या एकाच तुकडीत, घातलेले. बारवरचं वजन फेरीभर फक्त वाढत जातं, त्यामुळे ३० किलो उचलणारी मुलगी पहिली आणि दीडशेवाला शेवटी. मधे काका.

मी त्या दिवशी मुख्य पंच होतो. बेंच प्रेसमध्ये मुख्य पंचाची खुर्ची लिफ्टरच्या डोक्याशी असते. बाजूचे दोघं पाय, कंबर आणि कोपर किती खाली गेलं ते बघतात. २०२३ पासून आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाने कोपराचा सांधा खांद्याच्या वरच्या पातळीपर्यंत तरी खाली यायला हवा असा नियम केलाय, तेव्हापासून बाजूच्या पंचांची मान दिवसभर वाकडीच असते. माझ्याकडे तीन शब्द असतात. हात सरळ धरून बार स्थिर झाला की ‘स्टार्ट’. छातीवर येऊन पूर्ण थांबला की ‘प्रेस’. वर लॉक झाला, म्हणजे दोन्ही कोपरं पूर्ण सरळ झाली, की ‘रॅक’, म्हणजे बार स्टँडवर ठेव. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण अर्धी स्पर्धा या तीन शब्दांत बुडते. जिममध्ये छातीवर बार आपटून, उसळी घेऊन ‘शंभर मारतो’ म्हणणारा गडी इथे ८५ ला घाम गाळतो, कारण छातीवर बार थांबवायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्या मुलीलाही कुणी सांगितलं नव्हतं. ३० किलो म्हणजे २० चा बार, प्लेटा घट्ट धरणारे अडीच-अडीचचे कॉलर आणि दोन्हीकडे अडीचची एकेक प्लेट. बार अगदी उघडाबोडका दिसतो. ‘स्टार्ट’ म्हटलं, तिने खाली घेतला आणि माझा ‘प्रेस’ तोंडातून निघायच्या आत वर ढकललासुद्धा. कुणालाही हेवा वाटेल इतका सहज. तिन्ही पंचांचे लाल दिवे, म्हणजे प्रयत्न बाद. तिला कळेचना. एवढं छान उचललं आणि लाल?

दुसऱ्या फेरीत ती थांबली, शहाण्यासारखी थांबली, वर लॉक केला आणि ‘रॅक’ची वाट न बघता ठणकन स्टँडवर ठेवून दिला. पुन्हा लाल. तिचा कोच डोक्याला हात लावून बसला. मला त्याचा राग आला, खरं सांगतो. चौदा वर्षांच्या पोरीला बेंचवर आणताना तीन शब्द पाठ करून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

काकांचं निराळं होतं. ओपनर, म्हणजे पहिला प्रयत्न, ७५ किलो, म्हणजे दोन्हीकडे २५ ची एकेक लाल प्लेट. चालत आले, बेंचवर पाठ टेकवली, पाय रोवले, बोटं बारवरच्या खुणेपाशी लावली. पकड बघूनच ओळखू येतं माणूस किती वर्षं हे करतोय. बार छातीवर असा ठेवला की जणू झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतायत. ‘प्रेस’. गेला वर. आणि वर जाऊन डावं कोपर थोडं वाकलेलंच राहिलं. मी थांबलो. सरळ होईल, आता होईल. होईना. ‘रॅक’ म्हटलं आणि लालचं बटण दाबलं. उजवीकडच्या पंचाने पांढरा दिला, डावीकडच्याने लाल. दोन लाल म्हणजे गेला.

काका काही बोलले नाहीत. उठले, बारला हलकेच थोपटलं आणि निघून गेले. दोन मिनिटांनी त्यांच्याबरोबर आलेला मुलगा (मुलगा कसला, पन्नाशीचा असेल) टेबलापाशी आला. म्हणाला, “सर, बाबांचं डावं कोपर फार पूर्वी मोडलं होतं. सरळ होतच नाही ते.”

“मग आधी का नाही सांगितलं? हे उचलायच्या आधी पंचांना दाखवायचं असतं.”

“ते सांगू देत नव्हते. म्हणाले, सवलत नको.”

ही सवलत नव्हेच. हात जितका सरळ होतो तितका झाला की लॉक, एवढंच. पण ते आम्हाला आधी माहीत असायला हवं, नाहीतर दमलेला हात आणि मोडलेला हात वेगळा कसा ओळखायचा? मी म्हटलं, पुढच्या प्रयत्नाआधी त्यांना आमच्यासमोर उभं करा.

दुसऱ्या फेरीत नाव पुकारल्यावर काका आले आणि आम्हा तिघांसमोर दोन्ही हात पुढे ताणून उभे राहिले. झडती देणाऱ्यासारखे. उजवा काठीसारखा सरळ. डावा पाचसहा अंशांवर अडलेला, आतल्या बाजूला शिवणीची जुनी, पांढरी पडलेली रेघ. मी बोटाने हलकंच दाबून बघितलं. पुढे जायला जागाच नव्हती, हाडाला हाड लागलं होतं. बाजूच्या दोघांनीही बघून घेतलं. घड्याळ चालू होतं. एका मिनिटाच्या आत ‘स्टार्ट’ मिळायला हवा असतो. वजन तेच, ७५. पहिला फसला की तेवढंच मागता येतं किंवा जास्त, उतरता येत नाही. तीन पांढरे.

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नाही. सवलत घेतल्यासारखंच वाटत असावं.

तिसरी फेरी. मुलगी पुन्हा ३०. हा शेवटचाही फसला तर तिचं नाव निकालात शून्याने लागणार. तिचे हात या वेळी थरथरत होते, वजनाने नव्हे, भीतीने. बार छातीला लागला आणि माझ्या तोंडातून ‘प्रेस’ निघून गेला. थांबला होता का बार? थांबल्यासारखा होता. पूर्ण स्थिर झाला असं छातीठोक म्हणणार नाही. वर गेला, ‘रॅक’पर्यंत ती पुतळ्यासारखी धरून राहिली, माझ्याकडे डोळे लावून. तीन पांढरे. हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या, कोच नाचला. मी पाणी प्यालो.

काकांनी तिसऱ्याला ८० मागितले होते. लाल प्लेटच्या पुढे अडीचची एकेक लागली. आले, नियमाप्रमाणे पुन्हा हात दाखवले आणि बेंचकडे वळताना माझ्या खुर्चीपाशी क्षणभर रेंगाळले. हळू आवाजात म्हणाले, “त्या पोरीला ‘प्रेस’ लवकर दिलात तुम्ही. मला नका देऊ.”

आणि जाऊन आडवे झाले.

पंचाला लिफ्टरने असं बोलायचं नसतं. मी कार्यकर्त्याला हाक मारून ताकीद द्यायला सांगू शकलो असतो. पण माझे कान गरम झाले होते, कारण ते बरोबर होते. काही ठिकाणी एकत्रित क्रमवारी लावताना वयाचा गुणक धरतात, तो कागदावर. बेंचवर १४ ला आणि ७३ ला थांबणं एकच. मी तिला दिलेला अर्धा सेकंद कुणाच्या खिशातून काढला होता, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

‘स्टार्ट’. बार उतरला. छातीला लागला. थांबला. मी बघत राहिलो, बार थांबलेलाच होता आणि मी तरीही बघत राहिलो. मग म्हटलं, ‘प्रेस’.

निम्म्यापर्यंत गेला, मंदावला, बार सांभाळायला बाजूला उभे असलेले स्पॉटर्स हात पुढे करून वाकले, पण कुणी शिवलं नाही. शिवले असते तर तिथेच संपलं असतं. दात आवळल्याचा आवाज मला डोक्याशी बसून ऐकू आला. इंचाइंचाने वर. डावा हात त्याच्या ठरल्या जागी जाऊन टेकला. माझी नजर त्या कोपरावरच होती, सकाळपासून तिथेच अडकली होती. ते पक्कं बसलेलं बघून ‘रॅक’ म्हणायला तोंड उघडलं आणि मग उजवीकडे बघितलं. उजवं कोपर वाकलेलं होतं. थोडंसंच. मी वाट बघितली. ते सरळ होण्याऐवजी लवायला लागलं. ‘रॅक’. लाल.

उजवीकडच्याचाही लाल. डावीकडच्याचा पांढरा.

जास्त थांबवलं का मी त्यांना? त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. निकालाच्या कागदावर सही करताना ते टेबलापाशी आले, स्वेटर चढवलेला, मनगटावरच्या पट्ट्या सोडत.

“कोणता हात?”

“उजवा.”

“उजवा?” त्यांनी हात वर करून असा बघितला की घरातल्या गुणी मुलाची तक्रार आलीय. “चाळीस वर्षं मी डाव्याला शिव्या घालतोय हो.”

मुलगा मागे उभा राहून हसू दाबत होता. काकांनी माझ्यासमोरचं पेन उचललं, तेही उजव्याच हाताने, आणि पुढच्या स्पर्धेचा फॉर्म आहे का, विचारलं.