‘म्हणजे एम.डी. नाही मिळालं का?’

लेकीला इथे अमेरिकेत मेडिकलला प्रवेश मिळाल्याचं सांगायला रविवारी सकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. काकांनी विचारलं, ‘एम.डी. ना?’

‘नाही काका, डी.ओ.’

‘म्हणजे एम.डी. नाही मिळालं का? आपल्याकडच्या होमिओपॅथीसारखं काही आहे का ते?’

लेकीला मराठी सगळं कळतं. ‘येते हं आजोबा’ म्हणून ती उठून गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहितेय.

काकांना नावं ठेवत नाही. अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या दोन पदव्या आहेत: एम.डी. (इथे ती आपल्या एम.बी.बी.एस.सारखी पहिलीच पदवी) आणि डी.ओ., म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. त्या ‘ऑस्टिओपॅथी’ शब्दानेच गोंधळ होतो. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करतो, तो डॉक्टर नसतो. अमेरिकेतला डी.ओ. पूर्ण डॉक्टर असतो. पन्नासही राज्यांत तो औषधं लिहून देतो, ऑपरेशन करतो. चार वर्षं कॉलेज, मग रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, आणि २०२० पासून तर एम.डी. आणि डी.ओ. दोघांच्या रेसिडेन्सीला मान्यता देणारी संस्थाही एकच आहे. इथे मेडिकल शिकणाऱ्या साधारण दर चार मुलांमधलं एक डी.ओ.च्या कॉलेजात असतं.

तरी इथल्या लोकांनाही हे सांगावं लागतं, याचा मला खरा राग आहे. ट्रम्प यांना २०२० मध्ये कोरोना झाला तेव्हा त्यांचे डॉक्टर शॉन कॉन्ली डी.ओ. आहेत यावर टीव्हीवर चर्चा झाली. पुढे बायडन यांचे डॉक्टरही डी.ओ.च होते.

या पदवीच्या मागे मोठं दुःख आहे. ऑस्टिओपॅथी सुरू करणारे अँड्र्यू टेलर स्टिल स्वतः डॉक्टर होते, तरी १८६४ मध्ये त्यांची तीन मुलं मेंदूज्वराने गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि १८९२ मध्ये त्यांनी मिसूरीतल्या किर्क्सव्हिलला आपलं कॉलेज काढलं. त्यांचे सगळे सिद्धांत आज टिकत नाहीत, ते मीही मानत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात सैन्याने डी.ओ.ना डॉक्टर म्हणून घेतलं नाही, ते दार १९६६ मध्ये उघडलं. मिसिसिपीने पूर्ण परवाना दिला तो १९७३ मध्ये. कॅलिफोर्नियात तर १९६२ मध्ये ६५ डॉलर भरून डी.ओ.ला एम.डी. होता येत होतं. माणूस तोच, शिक्षण तेच, भिंतीवरचा कागद तेवढा बदलायचा! नव्या डी.ओ.ना मात्र तिथे परवाने बंद झाले, ते १९७४ मध्ये कोर्टाने पुन्हा सुरू करायला लावले.

आमच्या मिशिगनमध्ये डी.ओ. भरपूर आहेत. मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या, त्यांची मान धरली. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर बाजूला सारला, हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि सासूबाईंच्या मानेखाली बोटं ठेवून बराच वेळ नुसतं चाचपत राहिल्या. मग अगदी हळू डोकं एका कुशीला वळवलं. सगळेच डी.ओ. असं करत नाहीत, बरेच जण शिकून सोडूनही देतात. पण सासूबाई गाडीत बसताना म्हणाल्या, ‘हिने हात तरी लावून बघितलं गं.’ इतक्या वर्षांत इथल्या डॉक्टरांबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द.

हे सगळं मी काकांना पुन्हा फोन करून सांगितलं. जरा चढ्या आवाजातच. त्यांनी ऐकून घेतलं, ‘बरं बरं, पोरीला सांग, आजोबा खूश आहेत’ म्हणाले.

रात्री भांडी आवरताना लेक शेजारी येऊन उभी राहिली. ‘आई, माझा हात मोडला होता तेव्हा तू काउंटरवर एम.डी. डॉक्टरच द्या म्हणाली होतीस, आठवतं?’

आठवतं. ती दहा वर्षांची होती, आम्ही नवीन होतो, आणि पाटीवरची अक्षरं वाचून डॉक्टर निवडायचा हेच मी घरी शिकले होते. मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी तिला सांगितलं.

‘आणि ज्यांनी प्लास्टर घातलं ते डी.ओ.च होते,’ ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं ताट घेऊन पुसायला लागली.