जसे आहे तसे

फोटो ज्या क्षणी काढला त्या तारखेवरून आणि वेळेवरून त्याच्या फाईलला नाव देणारा एक लहानसा प्रोग्राम मी आठ वर्षांपूर्वी लिहिला. कारण अगदी घरगुती होते. कॅमेरा प्रत्येक फोटोला चार आकडी क्रमांक देतो, ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून मोजू लागतो, आणि दोन कॅमेऱ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये आणले की एकाच नावाच्या फाईली एकमेकींच्या उरावर बसतात. फोटोच्या फाईलमध्ये चित्राच्या जोडीला कॅमेऱ्याने लिहून ठेवलेली थोडी माहितीही असते. तिला एक्झिफ म्हणतात. त्यात फोटो काढल्याची वेळ असते, ती ‘२०१७:०५:१४ १८:३२:०७’ अशी. तारखेच्या आकड्यांमध्येही अपूर्णविराम का घातले असतील, हे ते ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. विंडोजवर फाईलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही, म्हणून त्यांच्या जागी आडव्या रेघा घालायच्या, आणि तेच फाईलचे नाव. सगळे मिळून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या दोनशे ओळीही भरल्या नाहीत.

हा प्रोग्राम गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवण्याच्या संकेतस्थळावर, ठेवण्यामागे परोपकाराची भावना फारशी नव्हती, हे कबूल करायला हवे. पायथनपासून एक्झिफ वाचून देणाऱ्या लायब्ररीपर्यंत, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडपर्यंत, माझ्या हाताशी असलेले सगळे कोणी ना कोणी फुकट दिलेले होते, तेव्हा आपणही त्यात आपल्या पदरचे काही घालावे असे वाटले, हे खरे. पण त्याहून खरे हे की आपले काम चारचौघांत मांडण्याची हौस होती. परवाना, म्हणजे दुसऱ्यांनी हा कोड कोणत्या अटींवर वापरावा हे सांगणारा मजकूर, निवडण्यात मात्र मी पूर्ण अर्धा तास घालवला. जीपीएल घ्यावा, तर प्रोग्रामात बदल करून तो पुढे वाटणाऱ्यानेही आपला कोड खुला केला पाहिजे, ही त्याची अट. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला त्यामागची स्वातंत्र्याची कल्पना १९८९ मध्ये या परवान्याच्या कायदेशीर भाषेत उतरली. एमआयटी परवाना घ्यावा, तर त्याचे म्हणणे एवढेच की मूळ लेखकाच्या हक्काची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत राहू द्या, बाकी हवे ते करा. फोटोंची नावे बदलणाऱ्या दीड-दोनशे ओळी, आणि त्यांच्यावर कोणी परभारे गबर झाले तर काय, याची मला चिंता! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसलाच प्रकार. शेवटी एमआयटी निवडला, कारण तो छोटा होता.

त्याचे तीनच परिच्छेद आहेत आणि त्यांतला तिसरा सबंध मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो सांगतो की हे सॉफ्टवेअर ‘जसे आहे तसे’ दिलेले आहे, त्याची कोणतीही हमी नाही, आणि त्यामुळे काही नुकसान झाले तर लेखक त्याला जबाबदार राहणार नाही. मी तो तेव्हा वाचला तो इतर अटी वाचतो तसाच, म्हणजे नजर फिरवून. इदं न मम म्हणून हात झटकायची ही चांगली सोय आहे, एवढेच मनात आले.

पुढची दोन वर्षे त्या प्रोग्रामकडे कोणी फिरकले नाही. मग हळूहळू काही जण तो वापरू लागले, हे मला कळले ते तक्रारींवरून. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. ज्याचे काम बिनबोभाट होते तो कशाला लिहायला बसेल? ‘चालत नाही’ एवढ्या दोन शब्दांचा एखादा इश्यू, म्हणजे गिटहबवरची तक्रार, येई, त्यावर कोणती सिस्टिम, कोणते व्हर्जन, नेमका काय संदेश दिसतो, असे मी विचारी, आणि पुढे शांतता. त्यानंतर एका रात्री एक वेगळाच इश्यू आला. लिहिणाऱ्याने फार संकोचून लिहिले होते. माझ्याकडे ३१२ फोटो होते, तुमचा प्रोग्राम चालवल्यावर २९७ उरले आहेत, बहुधा मोजताना माझीच काही चूक झाली असेल, पण खात्री करून घ्यावी म्हणून विचारतो, असा तो मजकूर होता. शेवटी प्रोग्रामबद्दल आभारही मानले होते.

चूक त्याची नव्हती, हे मला पाच मिनिटांत कळले, आणि ती पाच मिनिटे मला अजून आठवतात. एक्झिफमधली वेळ सेकंदापर्यंतच असते. सेकंदाचा अंश स्वतंत्र रकान्यात लिहिलेला असतो, आणि तो रकाना मी वाचतच नव्हते. बटण दाबून धरले की बरेच कॅमेरे एका सेकंदात आठ-दहा फोटो टिपतात. त्या सगळ्यांना माझा प्रोग्राम एकच नाव देणार हे उघड होते, आणि तरी ते माझ्या ध्यानात आले नव्हते, कारण मी विंडोजवर काम करत होते. पायथनमध्ये फाईलचे नाव बदलण्याची जी साधी आज्ञा आहे ती विंडोजवर, त्या नावाची फाईल आधीच असेल तर, नकार देते. तो नकार आला की ‘हा फोटो आधीच झालेला दिसतो’ असे समजून पुढच्या फोटोकडे वळायचे, असे मीच लिहून ठेवले होते. त्यामुळे माझ्याकडे फार तर एखादा फोटो जुन्याच नावाने मागे राही. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र तीच आज्ञा काही न बोलता जुन्या फाईलच्या जागी नवी फाईल बसवते. एका सेकंदातल्या सहा फोटोंपैकी पाच पुसले जात होते आणि शेवटी एक उरत होता. पायथनच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेले आहे, विंडोजवर असे आणि युनिक्सवर (लिनक्स त्याच घराण्यातले) तसे, एकाच ठिकाणी. मी पहिल्यांदा ते वाचले ते त्या रात्री.

मेमरी कार्डावर ते फोटो अजून असतील का, असे मी लगेच विचारले. कार्ड पुसून पुन्हा वापरायला घेतले होते.

दुरुस्ती सोपी होती: त्या नावाची फाईल असेल तर नावापुढे ०१, ०२ असे आकडे लावत जायचे. उत्तर लिहिणे मात्र सोपे नव्हते. परवान्याचा तिसरा परिच्छेद माझ्या बाजूने उभा होता, मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्यातला एकही शब्द त्या उत्तरात घालावासा मला वाटला नाही. दोष अंगाला लागत नाही, इथपर्यंतच त्या परिच्छेदाची धाव; ज्या माणसाचे पंधरा फोटो गेले त्याला तोंड कसे दाखवायचे, याबद्दल तो काही सांगत नाही, आणि त्याने सांगावे अशी अपेक्षाही गैर आहे. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या हातून सुटते, असा आपला नेहमीचा अनुभव. कोडच्या बाबतीत तसे होत नाही. त्याची प्रत घेणाऱ्याकडे जाते आणि मूळ माझ्याकडेच राहते, आणि मूळ माझ्याकडे आहे म्हणूनच ते दुरुस्त करणारी व्यक्ती म्हणून लोक माझ्याकडे पाहतात. परवाना त्यांना स्वतः दुरुस्त करण्याची पूर्ण मुभा देतो, हे खरे असले तरी फोटोंची नावे बदलायला निघालेल्या माणसाला माझा कोड उघडून पाहायला लावणे म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा नकाशा देण्यासारखे आहे. ‘चूक माझी होती, तुमची नव्हती’ एवढे वाक्य मी सगळ्यांत आधी लिहिले, काय घडले ते सांगितले, आणि नवे व्हर्जन काढून रीडमीच्या, म्हणजे प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकाच्या, पहिल्याच ओळीत, आधी सगळ्या फोटोंची प्रत करून ठेवा, अशी सूचना टाकली. ती सूचना वाचून किती जण खरोखर प्रत करतात, याबद्दल माझ्या मनात फार भ्रम नाहीत.

त्या दिवसापासून ‘हा माझा छंद आहे’ हे वाक्य मी जरा जपून वापरते. छंदाचा हवाला देण्याची परंपरा तशी मोठ्यांची आहे. एकवीस वर्षांचे लिनस टॉर्व्हाल्ड्स हेलसिंकीत शिकत असताना, २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, ती नुसती हौस आहे, ग्नूसारखे मोठे आणि व्यावसायिक काम नव्हे, असे जाहीर करून बसले. पुढे त्याच लिनक्सने जगातले बहुतांश सर्व्हर व्यापले. लिहिणाऱ्याच्या लेखी छंद असला तरी वापरणाऱ्याच्या लेखी ते जोते असू शकते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा जावास्क्रिप्टचा एक तुकडा त्याच्या लेखकाने मागे घेतला, तेव्हा त्याच्यावर आडून-आडून अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प बिल्ड, म्हणजे चालवण्याजोगे तयार, होईनासे झाले. तो तुकडा होता अकरा ओळींचा. माझ्या तर त्याच्या कित्येक पट आहेत, असा विनोद मी एकदा केला होता.

सांभाळण्याच्या कामात प्रत्यक्ष कोड लिहिणे फार थोडे असते, ही गोष्ट बाहेरून लक्षात येत नाही. खरे काम पत्रलेखनाचे, आणि त्यातही नकार लिहिण्याचे. कोणी म्हणतो, व्हिडिओंचीही नावे बदला; कोणी म्हणतो, फोटो जिथे काढला त्या गावाचे नाव जोडा; एकाने तर एका वेळी चौदा फाईलींत बदल करून मोठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे हे बदल सामावून घ्या अशी विनंती, पाठवली, आणि ती वाचताना मला मांडणी बदललेल्या स्वतःच्याच घरात चाचपडल्यासारखे झाले. त्याचे चार रविवार त्यात गेले असणार. तरी नाही म्हणावे लागले, कारण मर्ज केल्यावर, म्हणजे मूळ कोडात मिसळल्यावर, त्या चौदा फाईलींतला प्रत्येक बग माझ्या दारात उभा राहिला असता आणि तो लिहिणारा तोवर दुसऱ्या छंदाकडे वळलेला असता. हे त्याला न दुखावता कसे सांगावे यावर मी जेवढा वेळ घालवला तेवढ्यात बहुधा व्हिडिओंची सोय करून झाली असती.

मदत हवी असते आणि मदतीची धास्तीही वाटते. मार्च २०२४ नंतर ही धास्ती बोलून दाखवायला कोणाला संकोच वाटत नाही. एक्सझेड ही फाईली लहान करण्याची लायब्ररी वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकलेला होता, कामाला उशीर होतो म्हणून त्याच्यामागे तगादे सुरू होते, आणि हा बिनपगारी छंद आहे याची आठवण त्याने २०२२ मध्येच करून दिली होती. त्या काळात एक उत्साही सहायक पुढे आला, त्याने दोनेक वर्षे चोख काम करून विश्वास मिळवला, आणि अखेर ५.६.० या व्हर्जनमध्ये लपवलेला चोरदरवाजा घुसवला. तो सापडला तो एका अभियंत्याला एसएसएच या दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावावासा वाटला म्हणून. मला त्या घटनेत चोरापेक्षा त्या थकलेल्या माणसाचे जास्त वाटते. आपला भार हलका करायला कोणीतरी आले, या भावनेची त्याला केवढी किंमत मोजावी लागली! माझ्या प्रोग्रामात चोरण्यासारखे काही नाही. तरीही त्यानंतर एका चांगल्या मुलाने सहमेंटेनर, म्हणजे प्रोग्राम सांभाळण्यातला जोडीदार, होण्याची तयारी दाखवली तेव्हा मी त्याच्या जुन्या कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, तपासत बसले, आणि आपण हे करत आहोत याची मला मनापासून लाज वाटली. तो आता माझ्याबरोबर काम करतो. नकार माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले लिहितो.

यातून कायमचे मोकळे होता येते का, असा प्रश्न कधीकधी पडतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी आपल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामबाबत हे फार देखणेपणाने ठरवून ठेवले आहे: दर दुरुस्तीला त्याच्या व्हर्जनमध्ये पाय या गणितातल्या संख्येचा एकेक अंक वाढतो, २०२१ मध्ये ते ३.१४१५९२६५३ झाले, आणि आपल्या मृत्यूनंतर व्हर्जन नुसते ‘पाय’ व्हावे आणि उरलेले बग म्हणजे प्रोग्रामची वैशिष्ट्ये समजावीत, अशी त्यांची इच्छा आहे. एवढी ऐट त्यांनाच शोभते. माझ्यासारख्यांसाठी गिटहबवर रेपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रामचे तिथले दप्तर, अर्काइव्ह करण्याचे एक बटण आहे. ते दाबले की सगळे वाचण्यापुरते उरते आणि कोणाला इश्यू टाकता येत नाही. मी त्या पानावर दोनदा जाऊन आले आहे.

पंधरा फोटो गमावलेल्या त्या गृहस्थांनी नंतर मला दोन फोटो पाठवले. त्याच कॅमेऱ्याने, मुद्दाम, बटण दाबून धरून काढलेले. एक अर्धवट उघडी खिडकी आणि तिचा वाऱ्याने हललेला पडदा, एकाच सेकंदात दोनदा. प्रोग्राम नीट चालतो का हे तपासणाऱ्या टेस्टसाठी उपयोगी पडतील, असे त्यांनी लिहिले होते. ते दोन्ही फोटो टेस्टच्या फोल्डरमध्ये आहेत. कोडमध्ये कोणीही एक अक्षर बदलले तरी विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हींवर टेस्ट आपोआप चालतात, त्या खिडकीला पुन्हा नाव दिले जाते, आणि मग प्रोग्राम फोल्डरमधल्या फाईली मोजतो. दोन भरल्या तरच हिरवी खूण येते.