तुम्ही विचारलंत म्हणून: फादर श्मिट तुमचे कोण?

रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात कुणी ना कुणी विचारतंच. बोटीवरचे जुने सोबती भेटले की तेही विचारतात. "वसईचा माणूस तू, आयुष्य इंजिनरूममध्ये काढलंस, आणि आता म्हातारपणी त्या अमेरिकन पाद्र्याचं काय घेऊन बसलायस? नात्यातला का कुणी?"

नात्यातला नाही. अलॉयशियस श्मिट हे नाव घेताना माझी जीभ अजून अडखळते. जन्म 4 डिसेंबर 1909, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सेंट लुकस या खेड्यात. चारी बाजूंनी शेतं, समुद्र हजार मैलांवर. अशा ठिकाणचा पोरगा डब्यूकच्या कॉलेजात शिकतो (आज त्याला लोरास कॉलेज म्हणतात), पुढच्या शिक्षणासाठी रोमला जातो आणि 8 डिसेंबर 1935 रोजी तिथेच त्याची गुरुदीक्षा होते, म्हणजे तो पाद्री होतो. 1939 मध्ये तो नौदलात चॅपलिन म्हणून भरती होतो. हुद्दा लेफ्टनंट, ज्युनिअर ग्रेड. नेमणूक युद्धनौका ओक्लाहोमा.

आपल्याकडे पलटणीत पंडितजी असतात, ग्रंथी असतात, मौलवी असतात. त्यामुळे या कामाची कल्पना द्यायला मला फार शब्द लागत नाहीत. चॅपलिनच्या हातात हत्यार नसतं आणि त्याच्या हुकमावर कुणी चालत नाही. मिस्सा म्हणायची, पापनिवेदन ऐकायचं, ते सोडलं तर दिवसभर नुसते कान उघडे ठेवायचे. कुणाची आई आजारी, कुणाची बायको पत्रं लिहायची थांबलेली, कुणी पगार जुगारात घालवलेला. मालवाहू बोटींवर आमच्यात असा माणूस कधीच नव्हता. रात्रपाळीच्या वॉचमध्ये एखादा पोरगा जनरेटरच्या आवाजात ओरडून आपलं रडगाणं सांगायचा, तेव्हा तो असता तर बरं झालं असतं असं वाटायचं. मला श्मिटमध्ये रस वाटला तो आधी याच्यासाठी. शौर्याची गोष्ट त्यानंतर आली.

पण लोकांना ऐकायची असते ती शौर्याचीच, म्हणून सांगतो. 7 डिसेंबर 1941, रविवारची सकाळ, हवाई बेटांवरचा अमेरिकी नौदलाचा तळ पर्ल हार्बर. श्मिटची सकाळची मिस्सा नुकतीच झाली होती. ओक्लाहोमा फोर्ड बेटाशेजारी मेरीलँड या नौकेला लागून उभी होती, आणि तीही बाहेरच्या बाजूला. जपानी टॉर्पेडोंना समोर मोकळी कूसच मिळाली. एकामागून एक टॉर्पेडो बसले आणि बारा-एक मिनिटांत एवढं अजस्र धूड कलंडून उलटं झालं.

बारा मिनिटं म्हणजे काय हे जमिनीवरच्या माणसाला सांगून कळत नाही. बोट तीस अंश कलली की पायाखालचं डेक भिंत व्हायला लागतं. शिड्यांना काही अर्थ उरत नाही. दारं एकतर वर लटकतात, नाहीतर त्यांच्यावर वजन येऊन ती उघडेनाशी होतात. दिवे गेलेले, पायाशी तेलकट पाणी, आणि जे जे बांधलेलं नसतं ते सगळं अंगावर येतं. अशा वेळी श्मिट आणि काही खलाशी एका छोट्या खोलीत अडकले. बाहेर पडायला वाट एकच, पोर्टहोल, म्हणजे बोटीच्या कुशीतली छोटी गोल खिडकी.

पोर्टहोल ही उजेडासाठी केलेली असते, माणसासाठी नाही. धडधाकट माणसाला तिच्यातून जायचं तर एक हात आधी बाहेर काढायचा, खांदे तिरके करायचे, आणि मागून कुणीतरी ढकलायचं. मागून ढकलणारा श्मिट होता. मग त्याची पाळी आली. बाहेरच्यांनी त्याला ओढायला सुरुवात केली, पण तो कमरेशी अडकला. खिशातल्या प्रार्थनापुस्तकामुळे अडकला असंही सांगतात. असेलही. तेवढ्यात मागे खोलीत आणखी काही जण आल्याचं त्याला कळलं. मला परत आत ढकला, असं त्याने बाहेरच्यांना सांगितलं. त्याने बाहेर काढलेल्यांचा आकडा बारा धरला जातो. आपण हे सारं सांगू शकतो ते त्या वाचलेल्यांमुळे. तो स्वतः बाहेर आला नाही. वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते, वय बत्तीस.

"बाहेर येता आलं असतं ना त्याला?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कदाचित आलं असतं. आत कुणी नसतं तर बाहेरच्यांनी आणखी जोर लावून, कातडी सोलवटून का होईना, काढलाच असता. पण त्या एका क्षणावर सगळे इतके खिळतात की आधीची दोनेक वर्षं कुणाला आठवत नाहीत. ज्यांच्यासाठी तो मागे फिरला ती अनोळखी माणसं नव्हती. त्यातल्या कुणाकुणाचं रडगाणं त्याने ऐकलेलं असणार. पत्रं कुणाला येतात नि कुणाला येत नाहीत हे त्याला ठाऊक असणार. मला तो निर्णय वेगळा वाटतच नाही, रोजचंच काम चालू ठेवल्यासारखा वाटतो.

ओक्लाहोमावर 429 जण गेले. उलट्या तळाला भोकं पाडून गोदीतल्या कामगारांनी 32 जणांना जिवंत काढलं. त्यांचा म्होरक्या हवाईचाच ज्युलिओ डिकास्ट्रो. 1943 मध्ये नौका सरळ केली, आतले सांगाडे काढले. तोवर ते एकमेकांत मिसळले होते. जवळजवळ 390 जण 'अज्ञात' म्हणून होनोलुलूच्या पंचबोल दफनभूमीत सामायिक शवपेट्यांमध्ये गेले. नौका भंगारात विकली, आणि मे 1947 मध्ये ओढून नेताना ती भर पॅसिफिकमध्ये बुडाली. टोइंगचा दोर तोडून गेलेली बोट मीही पाहिलीय, त्यामुळे हा शेवट मला तरी बरा वाटतो. कटिंग टॉर्चपेक्षा बरा.

2015 मध्ये ती थडगी उघडायला घेतली. डीएनएच्या आधारे साडेतीनशेहून अधिक जणांना त्यांची नावं परत मिळाली. श्मिटला 2016 मध्ये मिळालं. त्या ऑक्टोबरात लोरास कॉलेजातल्या ख्रिस्त राजाच्या चॅपेलमध्ये त्याचं दफन झालं. हे चॅपेल 1947 पासून त्याच्याच स्मरणार्थ उभं आहे. नौकेतून निघालेलं त्याचं लॅटिन प्रार्थनापुस्तक कॉलेजाने जपलंय. पानं पाण्याने डागाळलेली, आणि खूण 8 डिसेंबरच्या प्रार्थनेवर. मरियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण, आणि त्याच्या गुरुदीक्षेचा दिवसही तोच. दुसऱ्या दिवशीची तयारी त्याने आधीच करून ठेवली होती.

आता खरं उत्तर. श्मिटचा माग काढता येतो, कारण मागे एक गाव होतं, कॉलेज होतं, धर्मप्रांत होता, आणि कागद न फेकणारं नौदल होतं. त्याच युद्धात टॉर्पेडोखाली गेलेल्या आपल्या खलाशांचं काय? मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये नोंदवही आहे, व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशांची. कोकणातले, गोव्यातले, गुजरातचे, बंगालचे. बऱ्याच जणांचं नाव, बोट आणि तारीख, बस्स. एक आयुष्य कसं हुडकायचं हे मी श्मिटवर शिकलो. तेव्हा तुमच्या घरी माळ्यावर आजोबांची सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका) पडली असेल, किंवा कंपनीकडून आलेली तार, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला दाखवा. फोटो काढून लगेच परत करतो.